चोरटी जोडणी

ब्लॉक नंबर चौदाशे सात.
मेणात बसवलेला, बोटाच्या पेराएवढा
अब्बास मुकादम, राहणार बरका, मूळ आंजर्ले,
मोठ्या आतड्याचा उतरता भाग.
बाकीचा अब्बास रविवारच्या विमानाने गेला.
तिकीट कंपनीने काढलं.
उपचारांचं बघू, म्हणाली.

मस्कतच्या या तळघरात मी त्याचे काप काढते,
चार मायक्रॉन, कांद्याच्या आतल्या पापुद्र्याहून पातळ,
कोमट पाण्यावर सोडते, ब्रशच्या टोकाने सरळ करते.
एखादा चुरगळला की तोंडातून "अगं आई" निघतं.
शेजारची मारिसेल विचारते, त्याच्याशी बोलतेस का?
नाही म्हणते.

मग रंग. जिथे रक्तवाहिनी, तिथे तपकिरी.
निरोगी कडेला त्या शिस्तीत, सारख्या अंतरावर.
गाठीत नुसता गुंता:
आंधळ्या, गळक्या, कुठून तरी फुटलेल्या,
एकीला तर भिंतच नाही पुरती.

रिपोर्ट न्यायला आला होता तेव्हा.
आम्ही बोलायचं नसतं, डॉक्टरांनी बोलायचं.
पण दारातूनच "बाय, तू आपल्याकडची काय गो?"
आणि मी खुर्ची सरकवली, दुर्बिणीसमोर बसवलं.
सत्तावीस वर्षं समुद्राचं पाणी गोड करणाऱ्या प्लांटवर
व्हॉल्व्ह उघडणे, व्हॉल्व्ह बंद करणे,
वहीत वेळ लिहिणे.
एक डोळा मिटून बघत राहिला.
"ही तर चोरटी जोडणी.
मेन लाइनला भोक पाडून रातोरात घेतलेली."
मग मान वर न करता,
"तुमचा व्हॉल्व्हमन झोपला होता काय?"

झोपला नव्हता, मुकादमचाचा.
तहानलेली गाठ अर्ज पाठवते, पाणी द्या, पाणी द्या.
निरोगी पेशीत असा अर्ज निघाला
तर एक चिठ्ठी येऊन त्याच्यावर चिकटते
आणि अर्ज वाचलाच जात नाही.
बावीस अक्षरांची चिठ्ठी, कमीजास्त एखादं.
बाराखडी चारच अक्षरांची.
पिनकोडसकट तुमच्या गावचा पत्ता याहून लांब भरेल.
तिच्यातून काही घडत नाही, प्रथिन नाही, काही नाही.
तिचं काम एवढंच, दुसऱ्याला गप्प करणं.

पुढचं मी तेव्हा सांगितलं नाही.
की चिठ्ठ्या दोन्हीकडच्या असतात.
काही गाठीच्या पगारावर असतात,
नको म्हणणाऱ्यालाच त्या गप्प बसवतात,
आणि चरबीच्या बुडबुड्यात बसून
शेजारच्या वाहिनीच्या दारातून आत सरकतात:
इकडे एक फांदी काढ.
ती बिचारी काढते.

काल मशीनने आकडे दिले.
थांबवणारी चिठ्ठी कडेच्या भागात भरपूर,
गाठीत जेमतेम.
फितूर चिठ्ठ्यांचा आलेख पडद्याबाहेर.
मारिसेल म्हणाली, छान, स्वच्छ निकाल.
स्वच्छ होताच.
मी चहा घेतला. बाहेर बेचाळीस अंश,
दुभाजकावरच्या पेटुनियांना काळ्या नळीतून
थेंब थेंब मोजून पाणी चाललेलं.

न राहवून त्याला कळवलं, सोपं करून,
गाठीत ती चिठ्ठी कमी पडली म्हणून.
रात्री त्याचा आवाज आला, चौदा सेकंद.
मागे बादलीत नळ सुटलेला.
"मग बाहेरून लिहून पाठवता नाय येत काय ती?"

लिहिता येते, चाचा. यंत्रावर, हवी तितकी.
पोचवता येत नाही अजून.
वाटेतच रक्त फाडून टाकतं,
उरलेली यकृतात अडकते,
योग्य दारात पडणारी हाताच्या बोटांवर मोजावी.
एवढं सगळं टाइप केलं. खोडलं.
"येते, पण पोचत नाही" एवढंच ठेवलं.

दोन निळ्या खुणा.
मग हसण्याचा आवाज, खोकल्यात संपलेला:
"म्हंजे पोष्टाचाच घोटाळा.
इथं पण तेच हाय, बाय.
आज पाणी येयाचं होतं सहाला.
आलंय आत्ता."